धुरांड्याकडे बघून मोजलेल्या भिंगऱ्या

त्या संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पाण्याच्या टाकीच्या गच्चीवर तीन माणसं होती, दोन दुर्बिणी, तिपाईवर एक कॅमेरा आणि अंगठ्याने दाबायचे तीन काउंटर. खालच्या पाणकणसाच्या तळ्यात चार पाणकोंबड्या, दोन बगळे आणि तारेवर एक खंड्या. भिंगरी एकही नव्हती. थंडीआधी दक्षिणेकडे निघालेल्या भिंगऱ्या सूर्य मावळतानाच्या अर्ध्या तासात येतात आणि पाणकणसात रात्र काढून पुढे जातात. टाकी आणि जुन्या कारखान्याचं धुरांडं यांच्यामधल्या फटीतून त्या आत शिरतात. त्या वेळी तिथून इतक्या संख्येने दुसरा कुठलाही पक्षी येत नाही, हे डॉक्टरांनाही मान्य होतं.

डॉक्टर दातांचे. जिल्ह्यातल्या शरद ऋतूच्या पक्षिनोंदी गोळा करून वही ठेवण्याचं काम त्यांच्याकडे. त्या वहीत हे तळं नऊ वर्षं माझ्या आत्याच्या नावावर आहे. पण गेल्या उन्हाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी झाला. समोर बघितलं की मधोमध राखाडी ठसा दिसतो, कडेचं मात्र सगळं शाबूत. माझा चेहरा बघायचा तर ती माझ्या कानाकडे बघते. या वर्षी तिने पहिल्याच आठवड्यात १,२६० भिंगऱ्यांची नोंद पाठवली, तर डॉक्टरांनी त्या नोंदीपुढे पेन्सिलीने 'अग्राह्य' लिहिलं. मग स्वतः घरी आले आणि दात काढायच्या आधी बोलतात तितक्या गोड आवाजात म्हणाले, की पुढच्या आठवड्यापासून तळं दुसऱ्या कुणाकडे देऊ या, ताईंना विश्रांती मिळेल.

आत्या तेव्हा मटार सोलत होती. हात न थांबवता तिने अट घातली. एकाच संध्याकाळी सगळ्यांनी वेगवेगळं मोजायचं, कॅमेरा लावायचा, आकडे लगेच कागदावर लिहून पाकिटात बंद करायचे. तिचा आकडा कॅमेऱ्याच्या आकड्याच्या दहा टक्क्यांच्या आत आला तर तळं तिचं. नाही आला तर काउंटर ती स्वतः दवाखान्यात नेऊन देईल. डॉक्टर कबूल झाले. पद्धत त्यांनाही बिनतोड वाटली असावी.

मला वाटत होतं, ती हरणार. पडद्याच्या मध्यभागी बारकावे टिपणाऱ्या पेशी किती दाट असतात, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आले आहे. टाकीच्या चौऱ्याहत्तर पायऱ्या चढताना मी हळूच सुचवलं, की मी तुझ्या शेजारी उभी राहते, प्रत्येक शंभराला तुझ्या कोपराला हात लावते.

ती पायरीवरच थांबली. "म्हणजे मोजणार तू आणि सही माझी? बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीच्या सरकत्या पट्ट्यावर एकतीस वर्षं उभी होते मी. दुसऱ्याच्या पट्ट्याच्या आकड्याखाली एकदाही सही केली नाही. तू आपली चार हात लांब उभी राहा, शास्त्रज्ञबाई."

मी चार हात लांब उभी राहिले.

पाच बेचाळीसला पहिल्या सात आल्या. डॉक्टरांनी दुर्बीण लावली, मीही लावली. आत्याने तोंड फटीपासून चांगलं डावीकडे वळवलं आणि काउंटर असलेला हात कमरेवर ठेवला. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं.

"ताई, तुम्ही पक्षी मोजताय की धुरांडं?"

"धुरांडं एकच आहे डॉक्टर. ते मोजून झालं."

सहा वाजेपर्यंत थवे विशी-तिशीचे होते आणि मी आरामात होते. त्यानंतर त्या ओतल्यासारख्या येऊ लागल्या. एका थव्याच्या मागे दुर्बीण नेली, की तेवढ्यात खालून दुसरा निघून गेलेला. काहींनी गिरक्या घेतल्या, तेव्हा माझा अंगठा थांबला, मग घाईघाईने चार-पाचदा दाबला गेला. डॉक्टर ओठ हलवत पुटपुटत होते. आत्याच्या काउंटरचा आवाज तेवढा एका लयीत येत होता, आमच्यापेक्षा खूप सावकाश. मला तिची काळजी वाटली. सहा सतराला शेवटची आत गेली. तिघांनी आकडे लिहिले, पाकिटं चिकटवली.

उतरताना मी विचारलं, की ती इतक्या कमी वेळा का दाबत होती. तिने सांगितलं, की ती दहाचा घास घेते. पट्ट्यावर नवी आलेली प्रत्येक मुलगी बाटलीच्या मागे डोळा पळवायची आणि पुढच्या चार सोडायची. मुकादमीण त्यांना भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला लावायची. बाटल्या कडेने जाऊ द्यायच्या आणि दहा झाल्या की टिचकी मारायची.

"आता खिळा डोळ्यातच आहे," आत्या म्हणाली. "वेगळा ठोकावा लागत नाही."

डॉक्टर मागून उतरत होते. कठड्याला धरून ते क्षणभर उभे राहिले.

चित्रफीत मी आणि डॉक्टरांनी आपापल्या घरी, चौकट-चौकट थांबवून मोजली. एकमेकांना विचारायचं नाही असं ठरलं होतं. मला दोन संध्याकाळ लागल्या. त्यांचे १,३९१ आले, माझे १,३७७. सरासरी धरायची ठरली. रविवारी सकाळी दवाखान्यात, रुग्णाच्या खुर्चीत आत्याला बसवून, डॉक्टरांनी पाकिटं फोडली आणि वहीत नोंद केली.

चित्रफीत १,३८४. डॉक्टर १,२१२, फरक १२.४ टक्के. भाची १,१०७, फरक २०.० टक्के. आत्या १,३५०, फरक २.५ टक्के.