डावखुऱ्या हाताचे कुत्रे

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला त्याला सहा वर्षं झाली होती आणि बायको जाऊन चार. घरात उरल्या होत्या त्या अकरा जुन्या बंदुका. एकही उडण्याच्या लायकीची नव्हती आणि डॉक्टरांना ती उडवायचीही नव्हती. त्यांचा जीव होता नक्षीत. दीडशे वर्षांपूर्वी कुणा कारागिराने चापावरच्या वीतभर पोलादी पट्ट्यांवर अख्खं रान कोरलं होतं: वेली, उधळलेली हरणं, मागे कुत्रे. नाव कुठेच घातलेलं नाही. पण त्याचा प्रत्येक कुत्रा धावता धावता मागे वळून बघायचा. त्या वळलेल्या मानेचा माग काढत डॉक्टरांनी तीस वर्षांत या अकरा जमवल्या होत्या. बायको म्हणायची, "कुत्रंच हवं होतं तर जिवंत पाळायचं. कुणी आलं तर भुंकलं तरी असतं."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर एका मंगळवारी सकाळी डॉक्टर पट्ट्यांना तेल लावत बसले होते. नव्या डोळ्याने भिंग लावून बघतात तो काय, हरणाच्या अंगावरच्या बारीक रेघा एका बाजूने ओढलेल्या, कुत्र्याच्या बरोबर उलट्या. चाळीस वर्षं दातांवर हत्यार चालवलेल्या माणसाला हत्याराची दिशा कळते. त्यांनी अकराच्या अकरा पट्ट्या तपासल्या. जेवणाची वेळ टळून गेली. हरणं उजव्या हाताची होती आणि कुत्रे झाडून सगळे डावखुऱ्या हाताचे.

म्हणजे कारागीर एक नव्हताच. दोघं होते. एवढ्याशा पट्टीवर काम करताना गुडघ्याला गुडघा लावून बसत असतील.

त्यांनी लेकीला फोन लावला. "बाबा, मीटिंगमध्ये आहे. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग रविवारी बोलते."

जिन्यात शेजारी भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं भेटलात, ही दाढ जरा बघता का?" डॉक्टरांनी दाढ बघितली.

ही गोष्ट कळेल असा माणूस गावात एकच होता. त्यालाही जुन्या बंदुका जमवायचा नाद. तो कापडाचा दुकानदार, पण ताठ चालीमुळे सगळे त्याला जनरल म्हणत. एकोणीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी बारावी बंदूक असल्याचं डॉक्टरांनी चहा पिता पिता त्याला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी जनरलने ती पटकावली. डॉक्टर चारचौघांत त्याला चोर म्हणाले. तेव्हापासून दोघांचा छत्तीसचा आकडा.

डॉक्टरांनी एका पट्टीचे स्क्रू काढले, ती चष्म्याच्या डबीत ठेवली आणि निघाले.

दार सुनेने उघडलं. "बाबा आतच आहेत. त्यांना आता दिसत नाही, माहीत असेलच तुम्हाला."

डॉक्टरांना माहीत नव्हतं.

जनरल खुर्चीत ताठ बसला होता. "कोण?"

"दातवाला."

"एकोणीस वर्षं लागली तुम्हाला दोन गल्ल्या ओलांडायला," जनरल म्हणाला.

"तुमच्या दारापासूनही गल्ल्या दोनच होत्या."

डॉक्टरांनी पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली आणि काय शोधायचं ते सांगितलं. जनरलने अंगठ्याचं नख हरणाच्या पाठीवरून फिरवलं, मग कुत्र्याच्या. परत हरणाच्या. "इथे नख जाताना अडकतं. आणि इथे येताना," तो हळूच म्हणाला. "दोघं होते की काय?"

"दोघं."

"नवरा-बायको?"

"कुणास ठाऊक. भाऊही असतील."

"भाऊ असते तर आधी कुणाचं नाव, यावरून भांडले असते."

"म्हणूनच नाव नसेल."

जनरल हसला. डॉक्टर खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "तुमची ती काढा. तिच्यावरही बघू."

"ती गेली. माझे डोळे गेल्यावर मुलाने सगळ्याच विकल्या. कुणाला, ते मलाही सांगता येणार नाही." तो पट्टी चाचपत राहिला. "खरं सांगू? घरात होती तेव्हाही मी ती धड बघितली नाही. बघायला बसलो की तुमचा शब्द आठवायचा."

डॉक्टरांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली आणि ते राहून गेलं. चहा झाला. निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला, मग जनरलला हात दिसत नाही हे लक्षात येऊन मागे घेतला.

"ही आठवडाभर राहू द्या माझ्याकडे," पट्टीवरची मूठ न उघडता जनरल म्हणाला.

डॉक्टरांनी कधी बायकोलाही त्या बंदुकांवरची धूळ पुसू दिली नव्हती. "राहू द्या," ते म्हणाले आणि रिकामी डबी खिशात घालून घरी आले. कपाटात ती बंदूक पट्टीवाचून दात पडलेल्या तोंडासारखी दिसत होती. त्यांनी दार लावून घेतलं.

रविवारी लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. ती "हं, हं" करत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही जेवलात ना वेळेवर?"

"जेवलो."

फोन ठेवून ते तसेच बसून राहिले. मंगळवारला अजून दोन दिवस होते. मग उठून त्यांनी दुसरी बंदूक काढली, टेबलावर फडकं पसरलं आणि तिच्या पट्टीचा पहिला स्क्रू ढिला करायला घेतला.