मागं ठेवलेलं घड्याळ

अपेक्षा वैतागली होती. नंदनवन भागातल्या त्या खासगी कॉलेजच्या सर्व्हरवर फायरवॉल काही केल्या बसेना. बाहेरचे चोरटे कॉम्प्युटरात शिरू नयेत म्हणून ती हवी होती, आणि सोमवारी तपासणीची कमिटी येणार होती. सचिव कृष्णकांतरावांनी शब्द दिला होता, "फायरवॉल लाव, तुह्या कायम नोकरीची ऑर्डर काढतो." कंत्राटावर झिजून झिजून जीव मेटाकुटीला आलेल्या पोरीला आणखी काय हवं?

सर्व्हर साहेबांच्या केबिनमागं कुलपात असे, किल्ली त्यांच्याच खिशात. आज पहिल्यांदा तिला आत सोडलं होतं. तिनं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, जुनी आवृत्ती घालून पाहिली. दर वेळी एकच रड: परवान्याची मुदत अजून सुरूच झालेली नाही. फायरवॉलच्या कंपनीवाला फोनवर म्हणाला, मशीन भंगारात द्या. मेल्याचं काय जातं सांगायला!

मग तिचं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्यात गेलं. तिथं २०१७ साल चालू होतं. अगं बाई! तिनं तारीख नीट केली आणि फायरवॉल मुकाट्यानं बसली. हिरवी खूण उमटली तशी तिनं मोबाइलवर फोटो काढून 'नोकरी पक्की' म्हणून आईला धाडला.

तेवढ्यात फीच्या खिडकीवरून मिनल ओरडत आली, "काय केलं वं? पावतीच निघून नाही राहिली! मुदत संपली म्हणते."

मागून कृष्णकांतराव आले. "तारखेले हात लावाले कोणी सांगितलं होतं?"

"सर, घड्याळ मागं पडलं होतं."

"पडलं नव्हतं, म्या ठेवलं होतं."

आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. फीचं सॉफ्टवेअर २०१७ साली थोड्या दिवसांसाठी फुकट वापरायला दिलेलं. मुदत संपत आली की साहेब स्वतः घड्याळ मागं नेत. म्हणून तर या ऑफिसात पावतीवर तारीख रबरी शिक्क्यानं मारायची रीत होती!

त्यांनी तिच्याच हातानं घड्याळ मागं न्यायला लावलं. पावत्या सुरू झाल्या, फायरवॉलनं मान टाकली. "तो हिरवा फोटो छापून दे," साहेब म्हणाले. सोमवारी कमिटीनं फोटो पाहिला, चहा घेतला आणि गेली.

त्याच संध्याकाळी साहेबांनी दोन कागद पुढं सरकवले. एक कायम नोकरीची ऑर्डर. दुसऱ्यावर लिहिलं होतं: फायरवॉल चालू आहे, सर्व्हरची सर्व जबाबदारी माझी. "दोन्हीवर सही कर. नाहीतर दोन्ही ठेवून जा."

संतापानं तिचे कान तापले. कागद त्यांच्या तोंडावर फेकावेत असं फार वाटलं. पण आईनं तो फोटो अख्ख्या गल्लीला दाखवला होता. तिनं सही केली, दोन्हीवर, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

बाहेर मिनलनं तिला मिठीच मारली. "कायम झाली वं माय! आता कोण काढते तुले?"

"कोणीच नाही," अपेक्षा म्हणाली. "उद्या चोर शिरला, तर पकडाले कोणी पाहिजे ना."

मिनल खळखळून हसली. तिला वाटलं, बाई खुशीत आहे.