तीट लावलेली अंडी

"काकी, ही अंडी कुणी फिरवली?" दिशानं डब्यात वाकूनच विचारलं.

मी तोंड उघडलंच होतं. मी, आणखी कोण, रोज सकाळ-संध्याकाळ, असं तोऱ्यात सांगणार होते. तेवढ्यात खाटेवरून हे म्हणाले, "मी."

दिशा वनखात्यात वनरक्षक आहे. कोऱ्हाळ्यात कुणाच्या घरात साप निघाला की लोक आमच्या ह्यांना बोलावतात, म्हणजे बोलवायचे, आणि धरलेला साप कुठं सोडला ते हे दिशाला कळवायचे. धंदा पंपदुरुस्तीचा, नाव सोपान मिस्त्री, पण ओळख सगळी सापांची. वीस वर्षं मी ह्या नसत्या उद्योगाला शिव्या घातल्या.

एप्रिलात शेजारच्यांनी उसाचं खोडवं मोडायला ट्रॅक्टरचा रोटर घातला. त्याखाली धामण सापडून मेली आणि बांधाच्या बिळात तिची अंडी मिळाली, अकरा. ह्यांनी आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात नारळाचा ओला भुसा भरला, अंडी एकेक करून त्यात ठेवली आणि प्रत्येकावर पेन्सिलीनं एक काळं टिंब काढलं.

"हे काय आणिक?" मी विचारलं.

"तीट लावली. तुजी नजर लागंल."

"माजी? मला मेलीला सापाची पोरं खायचीत व्हय?"

हे खो खो हसले. तेव्हा हसायचे.

चौथ्या दिवशी लोणी गावात विहिरीवरची मोटर काढताना पाइपाखालची घोणस ह्यांच्या हाताला चावली. साप धरताना नाही हो, मोटर काढताना! बारामतीला दवाखान्यात बावीस दिवस काढले. जीव वाचला, किडन्या गेल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्या आता परत सुरू व्हायच्या नाहीत, आहेत तितके दिवस मशीनवरच. ह्यांना मी सांगितलं, "सूज हाय नुसती. उतरंल."

नर्सबाई म्हणाल्या होत्या, दर दोन तासांनी कुशीवर वळवत जा, नाहीतर पाठीला जखमा होतील. मी वळवत होते. ह्यांना ग्लानी असायची, पण जरा डोळा उघडला की एकच, "म्हाळसा, अंड्यांचं बघ. भुसा वाळू देऊ नगं. मुंग्या चढू देऊ नगं."

एवढंच सांगितलं, याहून जास्त काही नाही. रात्री माझे दीर रावजी दवाखान्यात थांबायचे. मी संध्याकाळच्या एसटीनं घरी यायची, सकाळच्या एसटीनं परत.

आणि अंड्यांचं मला कुणी शिकवायचं? तीस वर्षं कोंबड्या बसवतेय. बारा अंडी ठेवली तर बारा पिल्लं निघतात, सगळ्या आळीला विचारा. कोंबडी दिवसातून दहा वेळा चोचीनं अंडी फिरवते, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. ह्या अंड्यांची आई तर रोटरखाली गेलेली. मग फिरवायचं कुणी? मी हात धुवून एकेक अंडं उचलायची, हलकेच उलटं करून ठेवायची आणि मनात म्हणायची, बाबांनो, तुमी निघा, म्हंजे आमचा माणूस बी उठंल. सापाचं नाव घ्यायला घाबरणारी मी! पण मी तशी सांगडच घालून बसले होते. दवाखान्यात ह्यांनाही बोलून दाखवली.

हे घरी आले त्या संध्याकाळी आधी डबा मागितला. मी मांडीवर नेऊन ठेवला.

"बगा, एक मुंगी चढू दिली न्हाय. कोंबडी कशी जपंल, तशी जपली."

ह्यांनी झाकण काढलं. एकेक अंडं निरखलं. मग झाकण लावलं आणि म्हणाले, "लई झ्याक जपलीस. आता हात लावू नगं. मी बघतो."

मला जरा रागच आला होता. बावीस दिवस केलं ते चाललं, आणि आता ह्यांचा मान!

त्यानंतर मी रोज विचारायची, "कवा निघायची वं?" आणि हे रोज म्हणायचे, "निघतील. धामणीचं जरा मागंपुढं व्हतं." आठवड्यातून तीनदा बारामती, मशीन, परत खाट. साठ दिवस झाले, सत्तर झाले. अंडी पिवळी पडली, त्यांना खळगे पडले. शेवटी मीच दिशाला फोन केला.

"काका, तुम्ही?" दिशा म्हणत होती. "सगळी टिंबं खाली गेलीत. सापाचं अंडं ठेवलं तसंच राहिलं पाहिजे, उलटं झालं की आतला जीव गुदमरतो. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"हात थरथरला. डबा पडला हातातनं."

दिशा ह्यांच्या हाताकडं बघत राहिली. "असू दे काका," म्हणाली आणि चहा न घेताच गेली. उद्या तालुक्यातल्या सगळ्या सापवाल्यांना कळणार, सोपान मिस्त्रीच्या हातात आता काही राहिलं नाही.

मी भिंतीला टेकून खाली बसले. हातांची घाण वाटत होती.

"पयल्याच दिशी कळलं व्हतं न्हवं तुमाला?"

"टिंब वरच ऱ्हाऊ दे म्हणायचं सोडून तीट म्हणून मीच बोललो. चूक माजी हाय."

"मंग चाळीस दिवस ‘निघतील, निघतील’ का म्हणलासा?"

हे पत्र्याकडं बघत म्हणाले, "तू बी म्हणतीस की. सूज उतरंल."

मला रडू फुटलं ते थांबेचना. अकरा जीव ह्या हातांनी मारले होते आणि बाराव्याचं काही माझ्या हातात नव्हतं. ह्यांनी मला रडू दिलं.

मग परसात शेवग्याखाली खड्डा केला, अकराही अंडी त्यात ठेवली. माती लोटताना पाहिलं तर टिंबं सगळी वर होती. मी नकळत पुन्हा उलटी करून ठेवली होती.

घरात आले तेव्हा ऊन पत्र्यावर आलं होतं.

"म्हाळसा, पाठ आग करतीया. वळव जरा."

माझे हात पुढं होईनात. मी पदराला पुसले, परत पुसले.

"वळव गं," हे म्हणाले.

मी एक हात त्यांच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली, आणि त्यांना हलकेच कुशीवर वळवलं.