साळूबाईचा पाय

"भिंतीकडं तोंड करून बस. पाठ मोकळी कर," लंकाबाईंनी सुनेला दटावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घाल गं साळू लाथ. उपाशीपोटीच आणलीय तिला."

लंकाबाई माझ्या थोरल्या जाऊ. शेजारच्याच घरात राहतात, पण माझ्या ओट्यावर यायचं ते फक्त लाथेसाठी. एरवी मी हरसूलची, डोंगराकडची, म्हणून नाक मुरडायचं.

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आले. अशा माणसाने लाथ मारली की धरलेली पाठ सुटते, असं आमच्या मखमलाबादेत भल्याभल्यांना वाटतं. लग्न ठरवताना लोक पोरीचा रंग बघतात, माझ्या सासऱ्यांनी पाय बघितले. धोंडीराम त्यांचं नाव. त्यांची कंबर कायम धरलेली. हुंडा नको म्हणाले, पोरगी तेवढी द्या. दुकानातून औषधाची बाटली आणावी तशी आणली मला.

तेव्हापासून रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर पाठीच पाठी. एक बँकेचा मॅनेजर गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून, तोंडाला रुमाल बांधून यायचा. इंग्रजी पेपर वाचणारा माणूस, आणि माझ्यासमोर शर्ट वर करून ओणवा! लाथ खायची आणि वर पाया पडायचं, नारळ ठेवायचा. उसण काय, चार दिवसांत आपली आपणच जाते. पण ते सांगायचं कोणाला? अक्कल घरी ठेवूनच यायचे सगळे. खरं सांगते, मलाही ते आवडायचं. ज्या जाऊबाई मला पंगतीत शेवटी बसवायच्या, त्यांनाही मी लाथ घातली आहे. जरा जोरातच.

मग माझेच सांधे धरले. आता पायाळूला लाथ कोण मारणार? म्हणून घरातल्या हुशार मंडळींनी जुने इलाज काढले. सासूबाईंनी विळा तापवून माझ्या मनगटांवर डाग दिले. त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांवर तसेच डाग होते आणि गुडघे मरेपर्यंत ठणकत होते, पण तिकडे बघतंय कोण! मग बिब्बा घातला, तो उतला, कातडं सोलवटून निघालं. मग तुंबडी लावणारा आला, त्याने रक्त काढलं आणि चहा पिऊन गेला. शेवटी माझ्या मुलाने, दीपकने, मला शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तोवर हातापायाची बोटं वाकडी झाली होती. "संधिवात आहे. सुरुवातीलाच आला असतात तर बोटं वाचली असती," त्या म्हणाल्या. आता गोळ्यांनी दुखणं ताब्यात आहे, पण शेतातलं शेवंतीचं फूल मला खुडता येत नाही.

"काय होतंय गं तुला?" मी हर्षालीला विचारलं. येवल्याची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरी मागावर पैठणी विणायची. लंकाबाईंनी मुलीबरोबर मागही मागून घेतला होता आणि ओसरीत मांडून तिला कामाला जुंपली होती.

"सकाळी अंग आखडतं, काकू. जेवणवेळेपर्यंत मोकळंच होत नाही."

"मूठ वळ बरं."

तिने वळून बघितली. बोटं अर्ध्यावरच अडली. पेरं सुजून लाल झाली होती. माझंही असंच सुरू झालं होतं.

"जाऊबाई, हिला डॉक्टरकडं न्या. आजच न्या."

"तुझा पाय असताना डॉक्टर कशाला?" लंकाबाई हसल्या. "वात हाय तो. लाथेनं जाईल."

"माझा गेला का? हे हात बघा."

"तुझं येगळं. पायाळूला सोताचा गुण येत नाय."

हर्षालीचा नवरा अमोल दाराला टेकून मोबाईल बघत होता. इंजिनिअर आहे म्हणे. मान वर न करताच म्हणाला, "काकू, मारा ना एकदा. फरक नाही पडला तर दिवाळीनंतर बघू डॉक्टरचं."

दिवाळीनंतर! तेव्हा वैशाख चालू होता. असल्या इंजिनिअरला खरं तर मीच एक लाथ घालायला हवी होती. पण पोरगी भिंतीकडे तोंड करून मुकाट बसली होती, आणि मला एक गोष्ट स्वच्छ दिसली. माझा पाय आहे तोवर हिला कोणी डॉक्टरचं दार दाखवणार नाही. लाथ मारली तर गुणाची वाट बघत बसतील. नाही मारली तर मला माज चढला म्हणतील आणि पुढच्या रविवारी परत आणतील.

"मी पायाळू नाहीच," मी म्हणाले.

"काय?"

"डोक्याकडूनच आले, तुम्ही आलात तशीच. हुंडा द्यायला पैसे नव्हते, म्हणून आईनं खोटं सांगितलं. आईची शपथ."

पायाळूवर वीज पडते म्हणतात. म्हणून आभाळ गडगडलं की आई मला पोटाशी धरून बसायची. माझ्या वेळी ती मरता मरता वाचली होती. त्या माउलीला मी लबाड ठरवलं, तिचीच खोटी शपथ घेतली, आणि माझा आवाज कापलासुद्धा नाही.

लंकाबाईंचा चेहरा पडला, मग तापला. "म्हंजे मला उगाच लाथ घातली का गं भवाने? अन् मी तुझ्या पाया पडले!"

"पडलात खऱ्या."

अमोलने मोबाईल खिशात घातला. "मग आता कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं?" त्याने विचारलं. बघा, एवढं सोपं होतं. मी डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या रविवारी ओट्यावर कुत्रं फिरकलं नाही. दर रविवारी लाथेला येणारी कुसाबाई कंबर धरून दारावरून गेली आणि मला बघून थुंकली. तिची कंबर बहुतेक आपोआपच बरी झाली असेल. लंकाबाईंनी सुनेला माझ्याकडे यायची बंदी केली. वाईट वाटलं का? वाटलं. या गावात मला विचारत होते ते पायासाठीच, दुसरं माझ्याकडे होतं काय?

दसऱ्याला दरवर्षी लोक सोनं म्हणून आपट्याची पानं माझ्या पायांवर ठेवून जायचे. यंदा दीपक झेंडू घेऊन बाजारात गेला, आणि मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर एकटीच बसले. अंधारून आलं तेव्हा परसदाराने हर्षाली आली, पदराखाली पानं लपवून. मांडी घालून माझ्यासमोर बसली, पानं माझ्या पायांवर ठेवली.

"राहू दे गं," मी म्हणाले. "त्या पायात काही नाही, ऐकलंस ना?"

माझ्या पायाची वाकडी बोटं तिने मुठीत धरली आणि मूठ आवळली. चांगलीच जोरात. कळ पार गुडघ्यापर्यंत गेली. मी पाय ओढला नाही.