बुधीबाईच्या पडवीतला बिअरचा ड्रम

मित्रांनो, आधीच सांगतो, दमलोय मी. तोटी तुटलेला जुना प्लास्टिकचा ड्रम आहे मी, नंदुरबारकडच्या काठी गावात बुधीबाईच्या पडवीत पडलेला. घरी बिअर बनवायच्या किटमधून आलो. जन्मात एकदाच बिअर केली, तीही नासली!

होळीला घरच्या दारूची धार पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सोडायची, मग पाहुण्यांना द्यायची, ही इथली रीत. त्यासाठी बुधीबाईने जन्मभर चुलीच्या धुरात बसून मोहाची दारू गाळली. तिचा मुलगा होळ्या सुरतेला कामाला. आईचे हाल बघवेनात, म्हणून त्याने मला आणलं.

"आय, यंदा चुलीपुढे बसायचं नाही," तो म्हणाला. उकळून निववलेलं पाणी, काकवीसारखा पाक आणि खमिराची पुडी त्याने माझ्यात घातली. "ड्रमवर चिकटवलेली ही तापमानाची पट्टी हिरवी असली की ठीक. लाल झाली, म्हणजे ड्रम तापला, की ओलं गोणपाट गुंडाळ. झाकण मात्र उघडू नको."

तो सुरतेला गेला. दुपारी पट्टी लाल झाली, पण बुधीबाईने तिकडे पाहिलंच नाही. ऊब बघायला तिने मला गाल लावला, मग झाकण काढून वास घेतला. रोज हेच. मोहाच्या मडक्याला चालतं हो, मला नाही चालत! पण ड्रमला कुठलं तोंड?

होळीच्या आदल्या दिवशी होळ्या आला. एक घोट घेतला आणि थुंकला. आंबटढाण!

"आय, उद्या पाहुण्यांना काय देऊ? पट्टी बघ, एवढंच सांगितलं होतं ना?"

"बघत होते की."

"मग आत्ता सांग, कुठला रंग आहे?"

बुधीबाईचा हात माझ्या अंगावर चाचपडत राहिला. "हिरवा," ती म्हणाली.

पट्टी लालभडक होती. होळ्याने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. "कधीपासून दिसत नाही?"

"दोन वर्षं झाली. सांगितलं असतं तर काम सोडून घरी बसला असतास."

होळी शेजारच्या जसोदाबाईने दिलेल्या मोहावर निभली. नंतर होळ्याने आईला नंदुरबारला डॉक्टरकडे नेलं. एक डोळा वाचला. दुसऱ्याला उशीर झाला होता.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. माझं काय, प्लास्टिक मी. पण तुमच्या घरी चुलीपुढे जी बसते, तिला आज विचारा, नीट दिसतं का? 'दिसतं की' म्हणाली, तरी दोन बोटं समोर धरा आणि किती ते विचारा.