तिघांची एक चावी

“काही बोलू नकोस. नुसतं ऐक.”

दादाचा तो आवाज ताईच्या कानात अजून होता. दोघं लहान होती तेव्हाचा. वडिलांच्या गॅरेजात तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनावर टेकवी, मूठ तिच्या कानाशी धरी, आणि लोखंडाच्या पोटातलं सगळं तिच्या कानात उतरे. आत कुणी दळत बसल्यासारखी घरघर, मधूनच खडा लागल्यासारखी टकटक. तेव्हा त्याचा आवाज मऊ होता, नव्या तेलासारखा.

आता तोच दादा त्याच गॅरेजच्या दारात उभा होता आणि त्याला आत ये म्हणायला कुणी तयार नव्हतं.

“बोलावलंय म्हणून आलो,” तो म्हणाला. “हौस नाही मला.”

“आम्हालाही नाही,” ताई म्हणाली. “गाडी तिकडे आहे.”

गाडी सकाळपासून मुकी होती. तिची चाकं जागच्या जागी फिरवायच्या रोलरवर चढवलेली, बॉनेट उघडं, आणि शेजारी टायरांच्या चळतीवर तिचा मालक बसलेला. डोंगरावरच्या शर्यतीत पळणारा माणूस. उद्याच शर्यत होती. संध्याकाळपर्यंत गाडी बोलली नाही तर भरपाई घेईनच, वर एकेका शर्यतवाल्याच्या दारात जाऊन या गॅरेजचं नाव सांगेन, असं त्याने चहा पीत पीत ऐकवलं होतं. चहा ताईचाच होता. गॅरेज शर्यतवाल्यांवरच चालायचं, त्यामुळे तिने कप पुन्हा भरून दिला होता.

हल्ली इंजिनाची ताकद पान्याने वाढत नाही. इंजिनाला हुकूम देणारी एक चपटी डबी असते. लॅपटॉप जोडायचा, डबीतले जुने हुकूम पुसायचे, नवे लिहायचे. ज्या सॉफ्टवेअरने हे होतं ते एका चावीवर चालतं. चावी म्हणजे नावालाच. अंगठ्याएवढं काळं प्लास्टिक. लॅपटॉपच्या कुशीत खोचलं की सॉफ्टवेअर डोळे उघडतं, काढलं की मिटतं. आणि ही चावी विकणारा या भागात एकच माणूस, दादा. दूरच्या मोठ्या देशात तिचा वर्षाचा जो भाव, त्याच्या तिप्पट तो इथे घेई. तिथला भाव सगळ्यांनी कंपनीच्या साइटवर आपल्या डोळ्यांनी वाचला होता. म्हणून त्याचं नावच पडलं, तिप्पट. तिप्पटचा फोन आला, तिप्पट दिसला का रे, असं लोक म्हणत, आणि समोर आला तरी हाक तीच मारत. तो ओ देई.

वडील गेले त्या दिवसांत ताईने एकदा शब्द टाकून पाहिला होता. बहीण म्हणून काही कमी कर. तो म्हणाला, भाव सगळ्यांना एकच. एवढंच म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. त्या दिवसापासून दोन घरांमधली वाट गवताने भरून गेली. वहिनी बाजारात भेटली तरी ताई भाजीकडे बघे.

मग तिघांनी मिळून शक्कल काढली. ताई, वळणावरच्या गॅरेजचा मालक, आणि नाक्यापलीकडचा गॅसकिट बसवणारा. तिघांनी वर्गणी काढली आणि ताईच्या नावावर एकच चावी घेतली. करारात स्पष्ट लिहिलेलं, एक चावी एका गॅरेजला. पण करार कपाटात गेला आणि चावी कापडी पिशवीत घालून फिरू लागली. आज ताईकडे, उद्या वळणावर, परवा गॅसवाल्याकडे. सासर-माहेर करणाऱ्या लेकीसारखी तिची सतत ये-जा, आणि तिच्यावरून सतत कुरबूर. याने उशिरा दिली, त्याने अर्धा दिवस जास्त ठेवली. तिप्पटला शिव्या घालताना तेवढे तिघांचे सूर जुळत.

आज सकाळी नवे हुकूम अर्धे लिहून झाले होते. इंजिन तापू नये म्हणून समोर लावलेला पंखा जरा सरकवायला ताई रोलरच्या पलीकडे गेली. तेवढ्यात वळणावरचा आला. त्याच्याकडे गिऱ्हाईक खोळंबलेलं, पाळी त्याची सुरू झालेली. त्याने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रोजच्या सवयीने चावी उपटली, पिशवीत टाकली आणि गेला. डबीतले जुने हुकूम पुसून झाले होते, नवे पुरते आले नव्हते. गाडी ना माहेरची राहिली, ना सासरची झाली.

मेलेली डबी उठवायचा अधिकार फक्त विकणाऱ्याकडे. म्हणून दादाला फोन. आणि ताईला धास्ती होती ती वेगळीच. दादा ती चावी आपल्या लॅपटॉपला लावणार, आणि ती कुठेकुठे हिंडली ते सगळं त्याच्यासमोर येणार. त्याने एक ओळ कंपनीला कळवली की चावी बंद. मग तिन्ही गॅरेजांनी पुन्हा पंक्चरं काढत बसायचं. गॅसवाल्याने हे ओळखून तब्येत बरी नसल्याचा निरोप आधीच धाडला होता. वळणावरच्याला मात्र ताईने दंड धरून आणलं होतं.

“चावी?” दादाने हात पुढे केला.

ताईने वळणावरच्याकडे पाहिलं. त्याने ती आपल्या खिशातून काढली. ताईची चावी याच्या खिशात कशी, हे दादाने विचारलं नाही. लॅपटॉपवर ओळींमागून ओळी उतरत गेल्या. तो वाचत राहिला. ताई त्याच्या मानेकडे बघत उभी होती. केस मागून बरेच पांढरे झाले होते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“लिहिताना वीज गेली का?” त्याने न वळता विचारलं.

“गेली ना,” वळणावरचा चटकन म्हणाला. “ठप्पच झालं सगळं.”

“कसली वीज,” टायरांवरून शर्यतवाला बोलला. “पंखा भणभण फिरत होता. हा आला आणि चावी उपटून घेऊन गेला. मी इथेच बसलोय सकाळपासून.”

दादाने कंपनीच्या नोंदीत शांतपणे लिहिलं, आणि लिहिता लिहिता स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, “वीज गेली.”

मग त्याने डबीचं झाकण उघडलं. आतल्या हिरव्या पट्टीवर दोन बारीक सुया नेमक्या जागी टेकवून धरायच्या होत्या. एका माणसाचं काम नव्हतं ते. त्याने कुणाला बोलावलं नाही, पण एक सुई हातात धरून तो थांबला, तशी ताई गेली आणि तिने दुसरी धरली. बराच वेळ दोघांची डोकी एका दिव्याखाली होती.

वळणावरच्याला ते बघवेना. तो म्हणाला, वीज गेली असं लिहून तू काही उपकार केले नाहीस. ज्याने आमच्या मानेवर सुरी ठेवली त्यानेच आता पट्टी बांधायची, यात मोठेपणा कसला. मोठ्या देशातली पोरं खाऊच्या पैशांत ही चावी घेतात, आणि आम्ही तिप्पट मोजायचे. का, आमचं रक्त गोड आहे म्हणून? तुझ्या बायकोचे दागिने याच्यातूनच झाले असतील, असंही तो बोलून गेला.

“सुई हलवू नकोस,” दादा ताईला म्हणाला.

पडद्यावरची पट्टी सरकत शेवटाला पोचली. शर्यतवाल्याने उडी मारून गाडीत बसत बटण दाबलं. गाडी खाकरली, आणि मग पहिल्यापेक्षा खोल आवाजात गुरगुरू लागली. रोलरवर दोनदा पळवून पाहिली. तो ठरल्यापेक्षा थोडे कमी पैसे ताईच्या हातावर टेकवून निघाला. आभार मानणं त्याच्या गावी नव्हतं.

दादा आवराआवर करू लागला. वळणावरच्याने चावीसाठी हात पुढे केला.

“थांब,” दादा म्हणाला. “तू विचारलंस ना, का तिप्पट. ऐकून जा.”

त्याने खुर्ची ओढली नाही, आवाज चढवला नाही. भाग लहान असो की मोठा, म्हणाला, कंपनीचा खर्च तेवढाच. इथल्या पेट्रोलवर, इथल्या गाड्यांवर हुकुमांची प्रत्येक फाइल नव्याने तपासायची, अडलं तर उत्तर द्यायला माणूस ठेवायचा. मोठ्या देशात तो खर्च हजारो गॅरेजांत विरघळतो. इथे कुणात विरघळणार? म्हणून कंपनीची अट आहे. वर्षाला तीन गॅरेजांनी तीन चाव्या घेतल्याच पाहिजेत, नाहीतर हा भाग बंद. मग कुणालाच मिळणार नाही.

“या भागात हे काम करणारी गॅरेजं किती?” त्याने विचारलं. उत्तराची वाट पाहिली नाही. “तीन. आणि पहिल्यापासून चावी घेतली किती जणांनी? एकाने. उरलेल्या दोन मी कागदावर विकतो आणि तिघींचे पैसे तुमच्या एकीवर लावतो. पदरचं काही घालत नाही. दागिने त्यातून होत नाहीत.”

वळणावरचा बोटांवर काहीतरी जुळवत होता. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला.

“म्हणजे तिघांनी वेगळ्या घेतल्या असत्या तर?”

“एकेकाला तिसरा हिस्सा पडला असता.”

“तेवढे तर आत्ताही भरतोय आम्ही. वर्गणी काढून.”

“भरताय ना.”

“मग एवढी वर्षं पाळ्या कशाला लावल्या?”

“ते मला काय विचारतोस,” दादा म्हणाला. “मला कुणी बोलावलं होतं पाळ्या लावायला?”

वळणावरच्याने तोंडात आलेली शिवी अर्धी गिळली, अर्धी टाकली. मग ताईवर घसरला. शक्कल तिचीच होती, चावी तिच्याच नावावर, आणि सख्ख्या भावाच्या पोटातलं जिला काढता येत नाही तिच्या नादाला लागलो हीच चूक. ताई म्हणाली, चालती चावी उपटणाऱ्याने मला अक्कल शिकवू नये. तो जाताना रोलरच्या कठड्यावर लाथ मारून गेला आणि लंगडत गेला.

गॅरेजात दोघंच उरली. पंखा अजून फिरत होता. ताईने तो बंद केला.

“तुला आधीपासून माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग बोलला का नाहीस? माझ्यापाशी तरी? सगळं गाव तुला चोर म्हणत होतं. मीही म्हणत होते.”

“करारात आहे. चावी वाटून वापरली जाते हे विकणाऱ्याला कळलं, तर त्याने ती बंद करायची.” तो वायरचं वेटोळं करत होता, सावकाश, कोपरापासून अंगठ्यापर्यंत. “न बोलता ऐकून घेतलं तोवर मला काही कळलेलं नव्हतं. आता तुम्हा दोघांसमोर माझ्या तोंडून निघालं. आता कळलं.”

त्याने तिची काळी चावी आपल्या बॅगेत टाकली आणि चेन ओढली. ताई अडवायला पुढे झाली नाही. अडवण्याइतकं नातं उरलंय का, हे तिला ठरवता येईना.

“तिघांनी तीन घ्या,” तो म्हणाला. “नाही घेतल्या तर कंपनी जाईल. मीही दुसरं काहीतरी बघेन.”

“ते दोघं घेणार नाहीत. आज तर नाहीच नाही.”

“माहीत आहे.”

“मग त्या कागदावरच्या दोन? त्या तशाच चालू ठेव ना. माझी एक, त्या दोन.”

तो दारापर्यंत गेला होता. बॅग या हातातून त्या हातात घेतली.

“कुणाच्या नावावर आहेत त्या?” ताईने विचारलं.

“एक तुझ्या वहिनीच्या.”

“आणि दुसरी?”

दादाने दाराच्या चौकटीवर हात टेकवला.

“बाबांच्या,” तो म्हणाला. “कंपनी दरवर्षी विचारते, हे गिऱ्हाईक अजून काम करतं का म्हणून. मी दरवर्षी लिहितो, करतं.”