हेडच्या आतला रस्ता

सगळे तिला थोरली म्हणत. वर्कशॉप बाबांचं, पुढे गल्ल्यावर धाकटा भाऊ, आणि मागच्या खोलीत ग्राइंडरच्या कर्कश आवाजात ही. मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड उघडायचं, त्यातून हवा-पेट्रोल आत जायचा रस्ता घासून नीट करायचा, म्हणजे गाडी सिग्नलवरून उठताना धापा टाकत नाही. इतकंच काम. पण करून बघा म्हणावं. अ‍ॅल्युमिनियम जरा जास्त घासलं गेलं की हेड भंगारात.

आणि गिऱ्हाईक तर काय सांगावं. ज्याला त्याला भोक मोठं हवं आणि आतून चकाचक हवं. थोरली तोंडावर सांगायची, "आरसा हवा तर न्हाव्याकडे जा. भोक मोठं केलं तर शर्यतीत पळेल, पण रोजच्या रस्त्यावर चढ आला की ढकलत न्यावी लागेल." बोलायला फटकळ, पण हातात अशी जादू की शिव्या खाल्लेला माणूस मित्राला घेऊन परत यायचा. ती करंगळी आत घालायची, डोळे मिटायची, व्हॉल्व्हच्या अलीकडच्या वळणावर बोट कुठे अडतं ते बघायची आणि तेवढंच घासायची.

हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. शब्दही दिला होता, धाकट्यादेखत. "मी थकलो की पुढचं दुकान त्याचं, मागची खोली तुझी. तुझं काम, तुझं नाव." नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला एवढा आधार पुष्कळ झाला. त्या शब्दावर तिने वर्षानुवर्षं नाकातोंडात भुगा घेतला आणि कधी कुरकुर केली नाही.

एके दिवशी धाकटा लाडात आला. "ताई, गावभरच्या गाड्या करतेस, भावाचीच राहिली बघ."

भावाने मागितलं म्हटल्यावर ही विरघळलीच. त्या हेडवर तिने जीव ओतला. कुणा गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं असं हेड तिने त्याच्या हातात ठेवलं. पण त्याची गाडी आपली पूर्वीसारखीच खोकत राहिली. विचारलं तर म्हणे, बसवायला वेळच मिळत नाही.

मग एकदा ती व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कातून आणायला समोरच्या लेथवाल्या टर्नरकडे गेली. त्याच्या टेबलावर गुलाबी रबराचा एक तुकडा पडला होता, वाकवलेल्या अंगठ्याएवढा. तिने सहज उचलला. वळणावरून बोट फिरवलं आणि तिने ते वळण ओळखलं. तिने हेडमध्ये कोरलेला पोकळ रस्ता तिच्या हातात भरीव होऊन आला होता.

"तुमच्या भावानेच आणून दिलाय," टर्नर भाबडेपणाने म्हणाला. "हेडमध्ये रबर ओतून ठसा काढलाय. याचं माप घेतलं की तुमच्याकडे येणारं नवं मशीन हवी तेवढी हेडं कापून देईल. तुम्हाला सांगितलं नाही?"

ती तो तुकडा घेऊन तडक वर्कशॉपमध्ये आली आणि गल्ल्यावर ठेवला. धाकटा चपापला. बाबा खुर्चीत चहा पीत होते, ते पीत राहिले.

"ताई, तुझ्या मनगटांसाठीच केलं गं," धाकटा म्हणाला. "किती दिवस घासणार?"

थोरलीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती रबर निरखत होती. कुठे फाटलेलं नाही, एक बुडबुडा नाही. रबर दोऱ्यासारख्या बारीक धारेने ओतावं लागतं, धीर धरावा लागतो. धाकट्याला चहासुद्धा न सांडता ओतता येत नसे.

"बाबा," ती म्हणाली, "हे कुणी ओतलं?"

बाबांनी कप खाली ठेवला. "मी."

"का?"

"उद्या तू गेलीस कुठे तर? तुझा हात तुझ्याबरोबर जाणार. दुकानाने काय करायचं?"

"एकदा घर सोडून इथे आले. आता आणखी कुठे जाणार होते मी?"

बाबांनी कप पुन्हा उचलला. धाकट्याने तेवढ्यात उरकून घेतलं: मशीनला जागा लागेल, मागची खोलीच सोयीची आहे, आणि ताईचं काम काही बंद होत नाही, कापून आलेल्या हेडच्या कडा घासायला माणूस लागेलच. बाबा मान हलवत होते. त्या मान हलवण्याचा तिला जितका संताप आला तितका नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

मशीन आलं. पहिलं हेड निघालं तेव्हा बाबांनी स्वतः ते तिच्यापुढे आणून ठेवलं. "बघ, काही चुकलंय का."

चुकलेलं असावं म्हणून ती मनात आसुसली होती. एवढासा उंचवटा, वळणावर जरासा अडथळा, काहीही चाललं असतं. तिने डोळे मिटले आणि करंगळी आत घातली. बोट कुठेच अडलं नाही. तिने स्वतः केलं असतं तर असंच केलं असतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कडा घासायला कानस मागितली.